टिकलीखालचा डाग

शिल्पाच्या गॅलरीतून समोरच्या गल्लीतला तो दवाखाना दिसायचा. हिरवी पाटी, पाटीवर न कळणारी अक्षरं आणि कडेला हाताच्या पंजाचं चित्र. सिंधुबाई नातीची लंगोटं वाळत घालता घालता तिकडे बघत राहायची. कोण आत गेलं, किती वेळानं बाहेर आलं, सगळं तिला पाठ झालं होतं. तिथं चामडीचे आजार बघणारी डॉक्टरीण आहे, असं शिल्पानं एकदा सहज सांगितलं आणि तेव्हापासून तो दवाखाना तिच्या डोक्यातून जाईना.

सिंधुबाई चाकूर तालुक्यातली. जन्मात लातूर नाहीतर फार तर नांदेड, याच्यापुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि छप्पन्नाव्या वर्षी धाकट्या लेकीच्या, शिल्पाच्या, बाळंतपणासाठी विमानात बसून थेट जपानात येऊन पोचली. जावई बालाजीराव तिथं मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. नात वीस दिवसांची झाली होती. सिंधुबाई तिला तेल लावायची, पायावर घेऊन न्हाऊ घालायची. धुरीसुद्धा दिली होती एकदा, तर छताला लावलेली घंटा अशी बोंबलली की खालचे शेजारी धावत वर आले, म्हणून धुरी बंद. सगळं केलं, पण वीस दिवसांत त्या पोरीचा एक मुका तिनं घेतला नव्हता. पोर खांद्यावर आली की ही आपली मान मागे ओढून धरायची. कारण तिच्या कपाळावर, टिकलीखाली, कोड होतं.

बावीस वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. तोंड धुताना टिकली काढली आणि आरशात पांढरा ठिपका दिसला. कुणाला काही न बोलता तिनं त्यावर जरा मोठी टिकली लावली. नवऱ्यापासून किती दिवस लपणार? किशनरावांनी एकदा पाहिलं, तेही काही बोलले नाहीत. पण पुढच्या वेळी सोयाबीन घेऊन लातूरला गेले ते येताना मोठ्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आले आणि देवळीत ठेवून दिलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तिला तेव्हा वाटलं होतं. मग टिकलीच्या कडेनं पांढरं डोकवायला लागलं की आणखी एक माप मोठी टिकली. आणखी काही वर्षांनी आणखी एक माप. गावातल्या बाया म्हणायच्या, "सिंधुबाईचं कुंकू लई ठसठशीत," आणि ती वरवर हसायची.

लातूरला चामडीच्या डॉक्टरांना काय तोटा? पण तिथं बाकावर आपल्या शेजारी कोण येऊन बसेल याचा भरवसा नाही. मोंढ्यावर माल विकायला आलेला भावकीतला कुणी, क्लासच्या पोराला डबा द्यायला आलेली गल्लीतली कुणी. सिंधुबाई चामडीच्या दवाखान्यात दिसली, एवढी बातमी तिच्या आधी एसटीनं गावात पोचली असती. त्यात दोन पोरी लग्नाच्या. तेव्हा मूग गिळून बसण्यात शहाणपण, असं तिनं ठरवून टाकलं.

पण बातमी पोचायची ती पोचलीच. थोरली राजकन्या एकवीस वर्षांची होती, डीएड झालेली. नांदेडची सोयरीक जुळली. मुलगा पोरीला पसंत होता, इतका की ती घरात उगाचच गाणी गुणगुणत हिंडायची. साखरपुड्याच्या दिवशी मुलाची मावशी सिंधुबाईला कुंकू लावायला आली. कुंकू कातड्याला टेकलं पाहिजे म्हणून तिनं नखानं टिकली उचलली, पाहिलं, आणि होती तशी परत बसवली. सगळी मंडळी व्यवस्थित जेवली, पान खाल्लं, गाडीत बसून गेली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, आईला कोड आहे, पोरीचं आम्हाला जमणार नाही. महिन्याभरात चाकूरपासून देवणीपर्यंत सगळ्या सोयऱ्यांना ते ठाऊक झालं.

पुढची सहा वर्षं राजकन्येकडे कुणी फिरकलं नाही. शेवटी देगलूरकडच्या साहेबरावांशी तिचं लग्न लागलं. बिजवर, चौदा वर्षांनी मोठा, पदरात दोन लेकरं. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या आईनं बैठकीतच सांगितलं, "पोरगी पसंत हाय आमाला. पर तुमच्या कोडाचं बी आमच्या घरात रुजाया नको. दोन लेकरं हायत, तेवढी बास." किशनरावांनी मान खाली घातली आणि सिंधुबाईनं पदर तोंडाला लावून हो म्हटलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत राजकन्येचं मूल न होण्याचं ऑपरेशन झालं. कागदावर साहेबरावांची दोन लेकरं तिचीच म्हणून लिहिली. सिंधुबाई सोबत गेली होती. ती बाहेर बाकावर बसून राहिली, आणि लेकीला बाहेर आणलं तेव्हा तिला पाणी पाजलं. पुढं अकरा वर्षं त्याबद्दल दोघींपैकी कुणीच बोललं नाही.

शिल्पाच्या वेळी मात्र सिंधुबाई ताकही फुंकून प्यायली. सोयरीक लांबची शोधली आणि लग्नात कपाळाला पट्टी बांधून मांडवात पडल्याचं सांगितलं. बालाजीरावांच्या घरात आजतागायत कुणाला पत्ता नव्हता.

आता नात झाली आणि जुनी धाकधूक नव्यानं सुरू झाली. हे पोरीत उतरेल का? तिला हे आपल्यामुळे होईल का? एवढं एकदा कुणी सांगावं, मग काय व्हायचं ते होवो. इथं तिला ओळखणारं चिटपाखरू नव्हतं, बाकावर शेजारी भावकी बसणार नव्हती. भाषा येत नाही हीच मोठी सोय होती. अडचण एकच. घरात जपानी येत होतं ते फक्त जावयाला, आणि नेमकं त्यालाच कळू द्यायचं नव्हतं. शिल्पाला बाळाला सोडून हलता येत नव्हतं. शेवटी एका सकाळी बालाजीराव कामावर गेल्यावर सिंधुबाईनं पिशवी उचलली.

"माय, येकटी कशी जाशील तू?" शिल्पा म्हणाली. "तिथं कुनाला हिंदीसुदा येत न्हाई."

"मला तरी कुटं येती नीट? कपाळ दावायला काय बोलायचं आसतं?"

शिल्पानं फोनमध्ये एक यंत्र चालू करून दिलं. ते जपानी ऐकायचं आणि मराठीत बोलायचं, मराठी ऐकलं की जपानीत. त्याची मराठी बातम्या देणाऱ्या बाईसारखी होती, पण कळत होती. जाता जाता दारातून शिल्पा म्हणाली, "ताईला सांगितलंय मी, माय आज दवाखान्यात जाऊन राहिली म्हून. ती बी रोज इचारती, लेकराला काय व्हनार न्हाई ना." सिंधुबाई पिशवी सावरत जिना उतरली.

दवाखान्याच्या दारात सगळ्यांच्या चपला ओळीनं काढलेल्या पाहून तिला जरा धीर आला. तिनंही आपली चप्पल काढून त्या ओळीत ठेवली. टेबलामागच्या पोरीनं वाकून काहीतरी म्हटलं, हिनंही वाकून नमस्कार केला. पोरीनं कागद पुढं केला. अक्षरं बघून सिंधुबाईनं हात हलवला, तशी ती पोर हसली आणि दुसरा कागद घेऊन आली. त्यावर नुसता माणसाचा आकार काढला होता, पुढून आणि मागून. दुखणं कुठं आहे तिथं खूण करायची. सिंधुबाईनं पेन घेतलं. बावीस वर्षांत जे कुणाला सांगितलं नाही ते तिनं त्या माणसाच्या कपाळावर एक टिंब देऊन सांगून टाकलं.

बाकावर चार-पाच म्हाताऱ्या बसल्या होत्या. कुणाचा हात सोललेला, कुणाच्या गालावर चट्टा. कुणीही काही झाकलेलं नव्हतं. एक म्हातारी तर आपली पोटरी शेजारणीला दाखवून हसत हसत काहीतरी सांगत होती. सिंधुबाईला त्यांचा हेवा वाटला.

डॉक्टरीण तिच्याच वयाची निघाली, बुटकी, चष्मा लावलेली. तिनं कागद पाहिला, मग सिंधुबाईचं कपाळ पाहिलं, आणि बोटानं टिकली काढायची खूण केली. सिंधुबाईचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. परक्या बाईसमोर कपाळ मोकळं करायचं म्हणजे अंगावरचं लुगडं फेडण्यासारखं वाटत होतं. डॉक्टरणीनं घाई केली नाही. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेवटी सिंधुबाईनं डोळे मिटून टिकली ओढली.

डॉक्टरणीनं भिंग लावून पाहिलं. खोलीतला दिवा घालवून निळ्या उजेडात पाहिलं. मग हातांची बोटं, कोपरं, गुडघे, ओठांच्या कडा, सगळं बघितलं. कुठंच काही नव्हतं. ते सिंधुबाईलाही माहीत होतं. एवढ्या वर्षांत दुसरीकडे कसं पसरलं नाही याचं तिला कधी कधी नवल वाटायचं, आणि देवाची कृपा म्हणून ती सोडून द्यायची. डॉक्टरणीनं मग एक चमत्कारिक गोष्ट केली. सिंधुबाईच्या तळहातावरची टिकली चिमट्यानं उचलली आणि तिची मागची बाजू भिंगाखाली धरली. तिथला चिकट थर तिनं बराच वेळ पाहिला. मग टिकली हळूच कपाळावरच्या पांढऱ्या डागावर धरली आणि सिंधुबाईच्या हातात आरसा दिला. दोन्हींचा गोल एकच होता. केसाएवढाही फरक नव्हता.

डॉक्टरणीनं कागद घेतला. आधी एक बारीक टिकली काढली आणि तिच्याखाली तेवढाच बारीक डाग. मग थोडी मोठी टिकली, थोडा मोठा डाग. मग आणखी मोठी. ती प्रश्नार्थक बघत राहिली. सिंधुबाईनं मान हलवली. हो, अस्संच. या बाईला कसं कळलं? डॉक्टरणीनं टिकलीच्या मागच्या चिकट बाजूवर बोट ठेवलं, दोन्ही हातांची फुली केली आणि फोनजवळ तोंड नेऊन सावकाश बोलली.

यंत्र म्हणालं, "हा तो आजार नाही. या टिकलीच्या गोंदामुळे त्वचेचा रंग गेला आहे. तुम्ही डाग झाकण्यासाठी मोठी टिकली लावली, म्हणून डाग मोठा झाला."

हे नातीला होईल का, हा मनात धरून आणलेला प्रश्न सिंधुबाईनं कसाबसा विचारला. यंत्रानं तो जपानीत सांगितला. डॉक्टरीण हसली आणि तिनं नाही म्हणून जोरजोरात मान हलवली.

"हे मुलांना होत नाही. नातवंडांना होत नाही. हे रक्तातून येत नाही."

"पुन्ना," सिंधुबाई म्हणाली. "पुन्ना सांग."

डॉक्टरणीनं पुन्हा सांगितलं. यंत्र पुन्हा तेच बोललं. सिंधुबाईच्या तोंडातून आवाज फुटला तो रडण्याचाच, पण डॉक्टरणीला वाटलं बाई आनंदानं रडते आहे. तिनं कागदी रुमालाचा डबा पुढं केला, खांद्यावर थोपटलं आणि रंग परत यावा म्हणून लावायचं मलम लिहून दिलं. सिंधुबाईला तिला सांगायचं होतं, बाई, माझी एक लेक आहे, राजकन्या तिचं नाव. पण ते सांगायला सुरुवात कुठून करावी हे तिला मराठीतही सुचलं नाही.

घरी येऊन तिनं शिल्पाला सगळं सांगितलं. शिल्पानं बाळाला उचलून आईच्या मांडीवर दिलं.

"घे. आता घे मुका. कवापासून तरसून राहिलीस तू."

सिंधुबाईनं नातीच्या कपाळाला ओठ लावले. पोरीला दुधाचा वास येत होता. एवढ्या वर्षांची धास्ती गेली म्हणून तिला हलकं वाटायला हवं होतं, पण डोळ्यांसमोर दुसरीच लेकरं येत होती, जी झालीच नाहीत. त्यातलं एखादं आता दहा वर्षांचं असतं, शाळेत जात असतं. तिनं स्वतः नेऊन, बाहेर बाकावर बसून ते होऊ दिलं नव्हतं. आणि ते सगळं कशासाठी, तर चार आण्याच्या टिकलीच्या गोंदासाठी.

शिल्पा मात्र उसळत होती. "मी ह्यास्नी सांगते आज. समद्यांला सांगू माय. बाबांला सांग, नांदेडवाल्यांला कळू दे, त्या मावशीला कळू दे. बावीस वर्सं तोंड लपवून राहिलीस तू. आता चाकूरात मोकळ्या कपाळानं हिंड. मी डाक्टरनीच्या कागदाचा फोटो काढून ताईला धाडते आधी."

"थांब."

"कामून?"

सिंधुबाईनं तिच्या हातातून कागद घेतला. "ताईला काय सांगशील? की कोड न्हवतंच म्हून? आन् तिचं आपरेशन?"

शिल्पा भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "मग फकस्त बाबांला सांग."

"त्यांला सांगितलं तर ते भावकीत सांगतील, आनंदानं सांगतील. तिथून देगलूरला जायाला येक दिस लागंल. आन् टिकल्या कोन आनून देत होतं, तेबी त्यांच्या ध्यानात येईल." सिंधुबाई बाळाला मांडीवर हलवत राहिली. "कोड हाय ते राहू दे माज्या नावावर. मला काय, माजी झाली जिंदगी. टिकली नको, उद्यापासून कुंकवाची पिंजर लावीन वरून."

"तुज्यावर अन्याव हाय ह्यो माय."

"आसू दे."

संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडे दुपारी, राजकन्येचा फोन आला. तो रोज त्याच वेळी यायचा. घरातली जेवणं उरकली की ती घरावरच्या माळवदावर जाऊन बसायची आणि बहिणीचं लेकरू बघायची. पडद्यावर तिचा चेहरा उन्हानं रापलेला दिसत होता. अडतिसाव्या वर्षी केसांत पांढरं आलं होतं.

"माय, गेलतीस का? काय म्हनली डाक्टरीन?"

"कोडच हाय म्हनली."

राजकन्येनं फोन आणखी जवळ धरला. "आन् लेकराला?"

"लेकराला न्हाई व्हनार. शिल्पी बापावर गेली, तिच्यात उतरलं न्हाई म्हनली."

"तपासून सांगितलं का तिनं?"

"हाव. दिवा लावून बगितलं, भिंग लावलं. लई हुशार बाई हाय."

शिल्पा स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात दाबून उभी होती. सिंधुबाईला वाटलं, आता पोरीनं दुसरं काही विचारू नये, लेकराकडे वळावं. पण राजकन्या डीएड झालेली, गोष्ट तडीला नेल्याशिवाय सोडणारी नव्हती.

"आन् माज्यात, माय? माज्यात उतरलं आसंल का? इचारलंस का तू?"

सिंधुबाईनं पडद्यावरच्या त्या कपाळाकडे पाहिलं. स्वच्छ, रुंद, कुठंही काही नसलेलं कपाळ. आणि जन्मात कुणाशी बोलली नव्हती इतकं खोटं ती आपल्या लेकीशी बोलली.

"इचारलं. तू माज्यावर गेलीस म्हनली. तुज्यात उतरलंय. तुज्या लेकराला झालंच आसतं म्हनली."

राजकन्येनं मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले.

"मंजी आपन केलं ते बराबर केलं."

"हाव."

"तुला कदी बोलले न्हाई माय. अकरा वर्सं झाली, रोज वाटायचं उगाच केलं का म्हून. शिल्पीचं लेकरू बगितलं तवापासून तर लई वाटून राहिलं हुतं. झोप लागंना. तुज्यावर बी राग यायचा मला, खरं सांगते." तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती हसली. "आज सुटले बग. लई मोटं काम केलंस, जाऊन इचारून आलीस ते."

"सुटलीस बाई," सिंधुबाई म्हणाली.

"आता लेकराला दाव. जवळून दाव, तोंड दिसू दे."

सिंधुबाईनं फोन बाळाच्या तोंडाजवळ नेला आणि आपण पडद्यात दिसणार नाही इतकी ती बाजूला सरकून बसली.